जादू परत आली नसती तर

'एन्कांटो' हा डिस्नेचा सिनेमा नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, पुढच्या वर्षी त्याला ऑस्करही मिळालं. यंदा मी तो दुसऱ्यांदा पाहिला. माणगावच्या घरी, गणपतीला आलेल्या भाचरांबरोबर, मोबाईल पाटावर उभा करून. मुंबई-गोवा हायवेवर तासन् तास अडकून आलेली पोरं गाण्यांवर खूश होती. मी मात्र शेवटाला चिडलो.

गोष्ट कोलंबियातल्या एका कुटुंबाची. आल्मा आजी तीन तान्ही लेकरं घेऊन जीव वाचवायला पळते, नवरा मारला जातो, आणि तिच्याजवळच्या मेणबत्तीतून चमत्कार घडतो. त्यानंतर घरातल्या प्रत्येक मुलाला एक शक्ती मिळते. लुईसा गाढवं खांद्यावर घेते, तिच्या आईच्या हातचं खाऊन जखमा भरतात. मिराबेलला काहीच मिळत नाही. ब्रुनोमामाला भविष्य दिसतं, पण ते कुणाला ऐकायचं नसतं.

ब्रुनो घर सोडून गेला, असं सगळे सांगतात. खरं तर तो भिंतीच्या आत राहतोय. जेवणघराच्या बाजूला एक फट आहे, तिथे त्याने फळीवर स्वतःचं ताट रंगवलंय. आत सगळे जेवायला बसले की तोही तिथे बसतो.

ते ताट मी पाहिलेलं आहे. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. महिन्याची मनिऑर्डर यायची, त्यातून कौलं, आत्याचं लग्न, बाबांची फी. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि आजोबांना काम कधी परत मिळालं नाही. ट्रंक घेऊन ते गावी आले. घर धाकट्या आजोबांच्या भातशेतीवर चालू लागलं. कुणी त्यांना टाकून बोललं नाही. फक्त ते मागच्या पडवीत जेवू लागले. मला आठवतं तेही असंच, आत आम्ही सगळे आणि बाहेर त्यांचं ताट. विचारलं की उत्तर ठरलेलं: "त्यांना तिथंच बरं वाटतं. वारा असतो."

सिनेमात एका क्षणी घर कोसळतं आणि सगळ्यांच्या शक्ती जातात. खरी गोष्ट इथून सुरू व्हायला हवी होती. फुलं न उगवणारी इसाबेला, बादली न उचलता येणारी लुईसा, यांच्याकडे हे घर सहा महिन्यांनी कसं बघेल? पण गावकरी येतात, घर उभं राहतं, मिराबेल दाराची मूठ बसवते आणि जादू परत. पेपर सुरू झाला आणि लगेच सगळे पास! चमत्कार तुम्हीच आहात, हे पुढच्याच मिनिटाला सगळं परत मिळणार असताना म्हणायला काय जातं?

आल्मा आजीला दोष देणं सोपं आहे, पण ते मला जमत नाही. मनिऑर्डरची वाट बघणारं घर हावरट नव्हतं, गरजू होतं. कांटने १७८५ मध्ये लिहिलं की माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. सगळी गोम त्या 'निव्वळ'मध्ये आहे. एकमेकांच्या उपयोगी न पडता कुठलंच घर चालत नाही. आणि उपयोगी पडणं ही माया दाखवायची पद्धतही असते. आजोबा पहाटे चारला उठून अख्खं अंगण झाडायचे, कुणी सांगितलेलं नसताना. लुईसाची भीतीही हीच आहे. ताकद गेली तर लोक सोडून देतील, एवढंच नाही. ताकद गेली तर द्यायला आपल्याकडे राहील काय?

हे सगळं यंदाच का डोक्यात आलं, तर एप्रिलमध्ये माझी नोकरी गेली. शेजाऱ्यांना 'वर्क फ्रॉम होम' सांगितलंय. घरात कुणी काही बोलत नाही, उलट आई जास्तच गोड बोलते. पण गेल्या आठवड्यात लक्षात आलं की मी जेवणाचं ताट माडीवर न्यायला लागलोय. आईने विचारलं तर म्हणालो, वर रेंज चांगली येते.

काल बाबांना विचारलं, आजोबांना कुणी आत जेवायला बोलावलं होतं का? बाबा बराच वेळ गप्प होते. "पहिल्या दिवशी तुझ्या आजीने बोलावलं होतं," म्हणाले. दुसऱ्या दिवशीचं त्यांना आठवत नव्हतं.