घरी पाठविलेला पैसा कोणाच्या हाती?





इमाम अहमद (रह.) यांच्या ‘मुसनद’मध्ये एक प्रसंग नोंदलेला आहे. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांच्या एका मुक्त केलेल्या सेवकाने हा महिना बैतुल मुकद्दस येथेच राहण्याची इच्छा त्यांच्याजवळ व्यक्त केली. पवित्र स्थळ आणि नेक इरादा. दुसऱ्या कोणीही त्याची प्रशंसाच केली असती. ह. अब्दुल्लाह (र.) यांनी मात्र विचारले की, या महिन्याच्या अन्नाची तरतूद घरच्यांसाठी करून आला आहेस काय? त्याने नकार दिला. तेव्हा त्यांनी त्याला घरी परत जाऊन आधी ती तरतूद करण्यास सांगितले आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण ऐकविली. ज्यांच्या पोषणाची जबाबदारी माणसावर आहे त्यांची हेळसांड करणे, एवढे एकच पाप त्याच्या विनाशाला पुरेसे आहे, असा तिचा आशय आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न आज घरोघरी विचारण्यासारखा आहे. एके काळी हिंगणघाट आणि पुलगाव येथील कापड गिरण्यांवर कित्येक कुटुंबे जगत होती. गिरणीचा भोंगा वाजला की माणूस संध्याकाळी घरी जेवायला असे. पुलगावची गिरणी बंद पडली. कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन यांवर वर्ष निघत नाही, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. मग गादी भरणाऱ्या पिंजाऱ्याचा मुलगा, गवंड्याचा मुलगा, वेल्डिंगचे काम शिकलेला तरुण बुटीबोरीला जातो, चाकणला जातो, भिवंडीला जातो. रोजीच्या शोधात जमिनीवर फिरणाऱ्यांचा उल्लेख कुरआनने (सूरह अल-मुज्जम्मिल, ७३:२०) अल्लाहच्या मार्गात झुंजणाऱ्यांच्या शेजारीच केला आहे. त्याच आयतीत रात्रीच्या नमाजमध्ये सवलत देताना जी कारणे सांगितली आहेत, त्यांत हा प्रवासही आहे. आपल्या श्रमिकांचा हा मान लक्षात ठेवावा.

त्या पैशाने घरात काय घडते, हे आपण पाहतोच. दुकानाची उधारी फिटते, आईच्या औषधात खंड पडत नाही. जूनमध्ये बियाणे आणि खत घेताना मुलाने पाठविलेले चार पैसे हाती असले, तर सावकाराच्या दारी जावे लागत नाही. व्याजाविरुद्ध अल्लाहने किती कठोर इशारा दिला आहे (सूरह अल-बकरा, २:२७५-२७९), हे आपण जाणतो. म्हणून पेरणीच्या आठवड्यात वेळेवर पोहोचलेली रक्कम ही केवळ मदत नव्हे. ती घराला एका मोठ्या गुनाहपासून वाचविते.

परंतु रक्कम घरी पोहोचली म्हणजे ती हक्कदारापर्यंत पोहोचली असे होत नाही. मला आज याविषयीच बोलायचे आहे.

पूर्वी मनिऑर्डर येत असे. पोस्टमन नाव वाचून त्याच व्यक्तीच्या हाती पैसे देई, सही किंवा अंगठा घेई. खाली दोन ओळींचा मजकूर असे. आता पैसे मोबाइलवरून क्षणात येतात, पण ते ज्याच्या नावे खाते आणि ज्याच्या हाती फोन, त्याच्याकडे येतात. अनेक घरांत ते वडिलांचे किंवा थोरल्या भावाचे खाते असते. पत्नीला मुलीच्या शाळेची वही, स्वतःच्या तपासणीचे पैसे, माहेरी जाण्याचे बसभाडे, यांतील प्रत्येक गोष्टीसाठी सासऱ्यांसमोर किंवा दिरासमोर हात पसरावा लागतो. पती मात्र समाधानात असतो की, आपण तर दरमहा पाठवितोच.

शरीअतमध्ये पत्नीचा नफका हा पतीवरील स्वतंत्र हक्क आहे. ती स्वतः संपन्न असली तरी तो संपत नाही. गरजू मातापित्यांचे पोषण हाही मुलावरील हक्कच आहे, आणि खर्च कोणावर करावा या प्रश्नाच्या उत्तरात कुरआनने सर्वप्रथम मातापित्यांचेच नाव घेतले आहे (सूरह अल-बकरा, २:२१५). हे दोन वेगळे हक्क आहेत. एक देऊन दुसरा फिटत नाही, आणि एका हक्कदाराच्या हातून दुसऱ्याला दान म्हणून मिळावा, असा यांतील कोणताही नाही. ह. हिंद (र.) यांनी आपले पती ह. अबू सुफियान (र.) हे घरखर्चास पुरेसे देत नाहीत, अशी तक्रार प्रेषितांकडे केली. तेव्हा प्रेषितांनी त्यांना सबुरीचा उपदेश करून परत पाठविले नाही. रूढ रीतीने स्वतःला आणि मुलांना पुरेल एवढे त्यांच्या मालमत्तेतून घेण्याची अनुमती दिली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे.

येथे काही जण सूरह अन-निसामधील पाचवी आयत पुढे करतात. संपत्ती अल्लाहने तुमच्या जीवनाचा आधार बनविली आहे, ती नासमज लोकांच्या हाती देऊ नका, असा तिचा आशय. आणि नासमज म्हणजे स्त्रिया, असा सोयीचा अर्थ! हे मत काही जुन्या कथनांत आहे खरे, पण इमाम तबरी (रह.) यांनी हा शब्द केवळ स्त्रियांपुरता घेणे नाकारले आहे. ज्या स्त्रीने महिनाभर तुटपुंज्या रकमेत पाच जणांची चूल पेटती ठेवली, तिला नासमज म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही.

आता दुसरी गोष्ट; ती अधिक नाजूक आहे. बाहेर राबणारा मुलगा दहा वर्षे पैसे पाठवितो. त्यातून जुन्या कौलारू घरावर स्लॅब पडतो, कधी दोन एकर शेत घेतले जाते, आणि सातबारा वडिलांच्या नावे होतो. वडील अल्लाहला प्यारे झाले की भांडण उभे राहते. तो म्हणतो, घर माझ्या घामाचे. गावी राहिलेला भाऊ म्हणतो, म्हाताऱ्यांची सेवा मी केली. आणि बहिणींना तर कोणी विचारीतच नाही. काहीही न ठरविता वडिलांच्या हाती दिलेला पैसा वडिलांना दिलेली भेट होतो, असेच सर्वसाधारणपणे धर्मशास्त्री मानतात. जे वडिलांचे झाले त्यात सर्व वारसांचा, म्हणून बहिणींचाही, निश्चित केलेला हिस्सा आहे (सूरह अन-निसा, ४:७). ती रक्कम कर्ज म्हणून किंवा भागीदारी म्हणून दिली असेल, तर हिशोब वेगळा. पण हे वडिलांच्या हयातीत लिहिलेले असावे लागते. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार करा, ही आज्ञा ज्या आयतीत आहे ती कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत आहे (सूरह अल-बकरा, २:२८२). आपण मात्र ‘बापाशी कसला कागद’ म्हणून लाजतो आणि नंतर सख्खे भाऊ न्यायालयाच्या पायऱ्या झिजवितात.

घरी असणाऱ्यांवरही जबाबदारी आहे. फोनवर मागणी करताना पलीकडचा माणूस एका खोलीत सात जणांसह झोपतो आणि ओव्हरटाइम करून ती रक्कम जमवितो, हे आठवावे. त्याच पैशातून लग्नात मंडप आणि डीजे यांचा थाट झाला, तर ती त्याच्या झोपेची उधळपट्टी आहे. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली, तेव्हा शहरांतील कामे एका रात्रीत थांबली आणि हजारो श्रमिक पायी घराकडे निघाले. ज्या घरांनी काही शिल्लक ठेवली होती, त्यांनी त्या महिन्यांत आपल्या माणसालाच उलट पैसे पाठविले.

आणि पैशाने जे भरून निघत नाही, तेही सांगितले पाहिजे. ह. उमर (र.) यांनी एका रात्री दूर असलेल्या पतीसाठी व्याकूळ झालेल्या स्त्रीचा आवाज ऐकला. त्यांनी आपली कन्या ह. हफ्सा (र.) यांना विचारले की, स्त्री पतीविना किती काळ धीर धरू शकते? उत्तर काही कथनांत चार, तर काहींत सहा महिने असे आले आहे. त्यानंतर सैनिकांना त्याहून अधिक काळ घरापासून दूर ठेवू नये, असा आदेश त्यांनी काढला. पुण्याहून वर्धा एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आहे. वर्षातून एका ईदला येणाऱ्यांनी याचा विचार करावा.

येत्या ईदला जेव्हा ते येतील, तेव्हा एका दुपारी आई, वडील, पत्नी आणि जाणती मुले यांना सोबत घेऊन एक वही उघडावी. पत्नीचे व मुलांचे किती, मातापित्यांचे किती, हे ठरवावे. पत्नीचे खाते नसेल तर दुसऱ्याच दिवशी उघडावे आणि तिचा भाग थेट तिथे पाठवावा. घरात किंवा शेतात घातलेली रक्कम भेट आहे, कर्ज आहे की भागीदारी, हे दोन साक्षीदारांसमोर लिहावे. शंका असेल तिथे जाणकार आलिमांना विचारावे. वडिलांना वाईट वाटेल अशी भीती असेल, तर वहीचे पहिले पान त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे.

हे अल्लाह, जे आज रात्री परक्या शहरात कामावर आहेत आणि जे त्यांची वाट पाहत आहेत, त्या सर्वांचे रक्षण कर. आमीन.