साहाय्य आणि कर्तृत्व

इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथील ‘प्रोजेक्ट आर्ट वर्क्स’ या कलासमूहाचे नाव २०२१ मध्ये टर्नर पारितोषिकाच्या अंतिम यादीत आले. स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेले चित्रकार आणि त्यांचे सहकारी कलावंत तेथे एकत्र काम करतात. त्या वर्षी यादीतील पाचही नावे समूहांचीच होती. म्हणजे सामूहिक निर्मितीला मान्यता होतीच. तरीही अशा चित्रांपुढे उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात शंका येते : यात चित्रकाराचे किती आणि साहाय्यकाचे किती?

रूबेन्सच्या चित्रांवर त्याच्या कार्यशाळेतील शिष्यांचेही हात फिरत. त्यामुळे त्याचे कर्तृत्व उणे ठरले नाही. मग येथेच हिशेब का मागावा? विचारावयाचाच तर निराळा प्रश्न विचारावा. ज्याला शब्दांत संमती देता येत नाही, त्याचा नकार ओळखला जातो काय? कुंचला दूर सारणे, पाठ फिरवणे, काम अर्धवट सोडून उठणे, हीदेखील विधानेच होत. साहाय्यकाने ती मानली, तर चित्र चित्रकाराचेच राहते. ती डावलली, तर उत्तम चित्रही परक्याचे होते. प्रेक्षकाची करुणा हा प्रश्न विचारूच देत नाही. म्हणून अशा प्रदर्शनाचे मूल्यमापन करताना समीक्षकाने चित्राइतकेच त्यामागील या व्यवहाराकडेही पाहिले पाहिजे.