फुंकणीचा हिशेब

भिसेगावातून कर्जतच्या बाजारात पायी जायचं तर बहुतेक जण स्टेशनच्या पुलावरूनच जातात. माझी आत्या त्या पुलावर तीनदा थांबायची. आधी जिन्याच्या मध्यावर, मग वर कठड्याला धरून, आणि उतरल्यावर पुन्हा एकदा, पदर तोंडाशी लावून. थांबायला तिच्याकडे निमित्त तयार असायचं. म्हणायची, गाडी कुठली लागलीय ते बघते. घरात आम्ही याला दमा म्हणत होतो. फार पुढे एका डॉक्टरांनी कागदावर ‘सीओपीडी’ लिहिलं आणि हा दमा नव्हे, हे समजावून सांगितलं. दम्यात आवळलेली श्वासनळी औषधाने बरीचशी मोकळी होते. या आजारात ती कायमची अरुंद झालेली असते. आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, मग नवी घ्यायला जागा उरत नाही.

तपासणीसाठी तिला एक नळी तोंडात धरून फुंकायला सांगितलं. छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात, रेटून, सगळी हवा संपेपर्यंत फुंकत राहायचं. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण हवेच्या सत्तर टक्क्यांहून कमी भरली, आणि औषधाची वाफ दिल्यावरही तशीच राहिली, तर हा आजार धरतात. आत्याला फुंकायचं कसं ते शिकवावं लागलं नाही. पावसाळ्यात ओली फाटी पेटवता पेटवता तिचं आयुष्य फुंकणीशी गेलं होतं.

यंत्रावरच्या मुलीने विचारलं, “विडी, सिगारेट?” आत्याने मशेरी लावते म्हणून सांगितलं, विडीला मान हलवली. मुलीने लिहिलं, धूम्रपान नाही. त्या दोन शब्दांमुळे ती कुठल्या दाराबाहेर राहिली, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

या आजाराची औषधं ज्या मोठ्या चाचण्यांच्या आधारावर दिली जातात, त्यांतली एक ‘टॉर्च’. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ६,११२ रुग्ण, ४२ देश, तीन वर्षं. श्वासनळी उघडणारं औषध आणि स्टेरॉइड एकत्र घेणाऱ्यांत १२.६ टक्के रुग्ण दगावले, औषध नसलेला कोरा पंप ओढणाऱ्यांत १५.२ टक्के. फरक दिसत होता, पण तो निव्वळ योगायोगाचा नाही असं म्हणण्यासाठी संख्याशास्त्राने आखलेली रेघ जेमतेम हुकली, आणि संशोधकांनी तसं लिहिलं. स्टेरॉइड घेणाऱ्यांना न्यूमोनिया जास्त झाला, तेही लिहिलं. या सचोटीबद्दल मला मनापासून आदर आहे. पुढच्याच वर्षी ‘अपलिफ्ट’ची चाचणी आली, जवळजवळ सहा हजार रुग्णांची, चार वर्षांची. दोन्हींत दाखल व्हायला एक अट होती: किमान दहा ‘पॅक-वर्षं’ सिगारेट ओढलेली असावी. रोज वीस सिगारेटी एक वर्ष, म्हणजे एक पॅक-वर्ष. आत्याच्या खात्यावर शून्य.

ही अट कुणाच्या दुष्टाव्यातून आलेली नाही. चाचणीत दम्याचे रुग्ण मिसळले तर उत्तर गढूळ होतं, आणि पन्नाशीत धाप लागणाऱ्या माणसाने आयुष्यभर सिगारेट ओढली असेल तर निदानाची खात्री वाढते. ज्या देशांत ही औषधं तयार झाली तिथे रुग्ण बहुतेक तसेच होते. पण गाळणी एकदा बसली की तिच्यातून काय गळून पडतं, ते पाहणारं कुणी उरत नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नेमकं तेच पाहिलं. त्यांचा अंदाज असा, की जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नाही. तेव्हा जगात सिगारेट ओढणारे सुमारे शंभर कोटी होते, तर लाकूड, गोवऱ्या, पालापाचोळा यांच्या धुरात जगणारे तीनशे कोटी. हे आपल्या घाटापलीकडच्या गावातून सांगितलं गेलं याचा मला अभिमान वाटतो. २०१६ मध्ये भारतात या आजाराचे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज निघाला. त्यांतल्या कितींसाठी ती गाळणी बनली होती?

धुराचाही हिशेब मांडता येतो. चुलीपुढचे रोजचे तास गुणिले वर्षं, म्हणजे ‘तास-वर्षं’. मेक्सिकोतल्या संशोधकांनी १९९६ मध्ये हे माप वापरलं तेव्हा दोनशे तास-वर्षांच्या वरच्या बायकांत आजाराचा धोका सर्वांत जास्त आढळला. आत्याचा हिशेब मी एका संध्याकाळी मांडला. पहाटेची भाकरी, अंघोळीचं पाणी, दुपारचा भात, संध्याकाळची चूल: पाच तास धरले. सासरी आल्यापासून पंचेचाळीस वर्षं. दोनशे पंचवीस. यात वैशाखापूर्वी भाजलेले राब मी धरले नाहीत. कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर घरदार घेऊन जाणाऱ्या आमच्याकडच्या कातकरी बायकांचा हिशेब कुठल्या मापाने करायचा, हे तर मला सुचतही नाही.

चुलीच्या धुराचा आजार सिगारेटच्या आजारासारखाच असता तर ही तक्रार नुसती मानापमानाची राहिली असती. पण तो हुबेहूब तसा नाही. सिगारेटने फुफ्फुसाचे फुगे फाटतात. चुलीच्या धुराने ते कमी फाटतात आणि बारीक श्वासनळ्या जास्त जाड होतात. फुफ्फुसाची ताकदही सावकाश उतरते. २०२३ मध्ये ‘गोल्ड’ या जागतिक मार्गदर्शिकेने धूर आणि प्रदूषणातून होणाऱ्या सीओपीडीला वेगळा गट दिला. नाव मिळालं, हे चांगलंच झालं. पण एका आजारावर तोललेलं औषध त्याच्या जावेला किती लागू पडतं, याचं उत्तर नाव दिल्याने मिळत नाही. आत्याला पंप दिला तो योग्यच दिला. धाप लागलेल्या माणसाला पुरावा येईपर्यंत थांब म्हणता येत नाही. मात्र तो उसन्या पुराव्यावर दिला होता, आणि उसनं फेडायचं असतं.

मग नुसती चूल बदलली तर? इथेच मला चाचणीची खरी गरज वाटते, कारण इथे आपल्याला उत्तर माहीत आहे असं सगळ्यांनाच वाटतं. भारतासह चार देशांत ‘हॅपिन’ नावाची चाचणी झाली, आपल्याकडे ती तामिळनाडूत. ३,२०० गरोदर बायका; निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून गॅस दिला. घरातला धूर खरोखर उतरला, पण बाळांच्या जन्माच्या वजनात फरक पडला नाही. हे वाचून मी हादरले. उलट दक्षिण चीनच्या खेड्यांत नऊ वर्षं पाहणी केली तेव्हा गोबरगॅस आणि हवेशीर स्वयंपाकघर यांमुळे फुफ्फुसाची घसरण मंदावलेली दिसली. मात्र ती पाहणी होती, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. आणि अशा चाचणीला फार माणसं लागतात असंही नाही. घरी रोज पंधरा तास प्राणवायू दिल्याने आयुष्य वाढतं, हे १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये अवघ्या ८७ रुग्णांवर ठरलं: प्राणवायू मिळालेल्या ४२ पैकी १९ दगावले, न मिळालेल्या ४५ पैकी ३०. प्रश्न नेमका विचारला, म्हणून तेवढे पुरले.

माझ्या मनातली चाचणी कर्जत-खालापुरातच व्हावी. दाराशी पॅक-वर्षांबरोबर तास-वर्षंही विचारावीत. पंपाइतकंच धुराडं, सुकी फाटी आणि गॅसची टाकी यांनाही उपचार म्हणून तोलावं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा त्रयस्थ साक्षीदारासमोर घ्यावा, हा नियम आपल्याकडे आहेच. त्याआधी कागद तिच्या बोलीत, तिच्या ओट्यावर वाचला जावा. चाचणी संपल्यावर पंप तिच्या हातून काढून घेऊ नये. आणि तपासणीसाठी तिला मुंबईला बोलावू नये. दोन तासांची लोकल, त्याआधी तो पूल, आणि दिवसाची मजुरी बुडणार. तारखा लावतानाही तिला विचारावं. जुलैत लावणी असते. तेव्हा बोलावलं तर ती येणार नाही, आणि वहीत तिच्या नावापुढे कुणीतरी गैरहजर असं लिहील.