जोखीम कोणाच्या वाट्याला?

स्टेशनात शिरताना मेटल डिटेक्टरची कमान लागते. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आणि किल्ल्या असतात, त्यामुळे ती प्रत्येकासाठी वाजते आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी बघत नाही. एकदा मात्र माझ्या पुढच्या दाढीवाल्या मुलाला बाजूला घेऊन सॅक उघडायला लावली. माझी सॅकही तेवढीच फुगलेली होती. मला कोणी थांबवलं नाही. मला गाडी मिळाली, त्याची चुकली.

११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांमध्ये ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. १८०हून अधिक माणसं मेली. थंड डोक्याने हिशेब करणारे यावर सांगतात, की रूळ ओलांडताना, दारातून पडून किंवा इतर कारणांनी मुंबईच्या लोकलमार्गांवर नेहमीच्या वर्षात २,०००हून अधिक माणसं मरतात. मग बॉम्बचीच एवढी भीती का? आकडा खरा आहे, पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. दारातून पडणाऱ्याला मारायचं कोणी ठरवलेलं नसतं. बॉम्ब ठेवणारा ठरवून ठेवतो, आणि तो सापडला नाही तर पुन्हा ठेवू शकतो. म्हणून ही भीती मूर्खपणाची नाही. प्रश्न एवढाच, की ती कमी करण्याची किंमत आपण कोणाकडून वसूल करतो?

समजा, एक कोटी वस्तीच्या शहरात १०० दहशतवादी आहेत. आपल्याकडे एक चाळणी आहे, जी १०० पैकी ९९ वेळा बरोबर ठरते. ती ९९ दहशतवादी पकडेल आणि त्यांच्यासोबत सुमारे एक लाख निरपराध माणसंही. इतकी अचूक चाळणी कोणत्याही पोलिसांकडे नाही. म्हणजे संशय हा बहुतेक वेळा चुकणारच. यात कोणाचा दुष्टपणा असायलाच हवा असं नाही. दुर्मीळ गोष्ट शोधण्याचं गणितच तसं आहे. आणि चाळणी धर्म किंवा वस्ती बघून लावली, की या चुका सगळ्यांच्या वाट्याला थोड्या थोड्या न येता त्याच त्या घरांवर येऊन पडतात.

२००६च्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ साली १२ जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. पोलिसांनी घेतलेले कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत. त्यांतला एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. तिथे काहीही ठरलं, तरी सुटलेल्यांची १९ वर्षं परत येणार नाहीत.

यावर एक आक्षेप मी स्वतःही घेऊन पाहतो. उद्या बॉम्ब फुटला आणि त्यात माझं माणूस गेलं, तर मी हेच लिहीन का? कदाचित नाही. पण तेव्हाही मला खरा गुन्हेगार हवा असेल, कोणीतरी गुन्हेगार नव्हे. चुकीचा माणूस कोठडीत असतो, तेव्हा बरोबरचा माणूस बाहेर असतो. उच्च न्यायालयाचा निकाल टिकला, तर इतकी वर्षं आपण सुरक्षित नव्हतो, फक्त निर्धास्त होतो.

शंभर टक्के सुरक्षितता कोणी देऊ शकत नाही, हे आपण तोंडाने मान्य करतो. मग उरलेली जोखीम कोणीतरी उचलायला हवीच. ती सगळ्यांनी मिळून उचलायची असेल तर रांगेत माझीही सॅक उघडली जावी, मलाही उशीर व्हावा. 'थोडी जास्त खबरदारी घेतलेली बरी' हे वाक्य मी आजवर किती सहज बोललो आहे. त्या 'थोडी'चं माप मी कधीच माझ्या आयुष्यातून काढलेलं नव्हतं.