अंगाला लागणारी बाजू

आमच्या संभाजीनगरचा हिमरू सगळ्यांना ठाऊक. त्याचाच भाऊबंद मशरू, तो मात्र आता फारसा कुणाच्या ध्यानात नाही. इस्लामी परंपरेत पुरुषानं निखळ रेशीम अंगावर घालू नये, असा दंडक. पण शेरवानीला चकाकी तर हवी! मग विणकरांनी उभा धागा रेशमाचा घेतला, आडवा सुताचा. वीण अशी बसवली, की रेशीम वर दिसावं आणि सूत आतून अंगाला लागावं. ‘मशरू’ या अरबी शब्दाचा अर्थच मुळी ‘धर्माला मान्य’.

कुणी म्हणंल, ही तर पळवाट. नियमही पाळला, मिरवूनही घेतलं. मी कापूस पिकवणारा माणूस. मला तसं एकदम म्हणवत नाही. पोळ्याला आम्ही बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. त्या दिवशी कुणी ट्रॅक्टर चालवला, तर बैलाचा विसावा मोडत नाही. पण आपल्या बैलांना झूल घालून मिरवायचं अन् शेजाऱ्याचे बैल आणून औत हाकायचं, ही खरी पळवाट. तिथं आपल्या नियमाचा भार दुसऱ्याच्या मानेवर जातो.

मग मशरूचा भार कुणाच्या मानेवर गेला? विणकराच्या. साध्या विणीपेक्षा हे काम किचकट. त्याला त्याच्या कष्टाचं मोल मिळालं असंल, तर ते कापड धर्माला मान्य. नसंल मिळालं, तर आतलं सूत कितीही मऊ असो, ते कुणाला तरी टोचतच असणार.