खरडण्याचं कूळ

गचाळ अक्षरासाठी इंग्रजीत जे शब्द आहेत, त्यांत ‘स्क्रिबल’ मला सगळ्यांत बोलका वाटतो. तो पंधराव्या शतकात इंग्रजीत आला, मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘स्क्रिबिलारे’वरून. ‘स्क्रिबेरे’ म्हणजे लिहिणं आणि ‘स्क्रिबिलारे’ हे त्याचं लघुत्वदर्शक रूप. लिहिण्याला छोटं केलं आणि ते वाईट ठरलं. पण ज्याच्यापुढे ते छोटं ठरलं, त्या ‘स्क्रिबेरे’चं कूळ तरी काय? ओरखडणं, कोरणं! ग्रीक ‘ग्राफेन’ तेच, जुन्या इंग्रजीतलं ‘व्रीतान’ तेच, संस्कृत ‘लिख्’ही तेच. आपण तर अजून एकाच क्रियापदाने कढईही खरडतो आणि अर्जही.

अक्षराची टवाळीही जुनीच. रोमन नाटककार प्लॉटसच्या ‘स्यूडोलस’ या इ.स.पू. १९१मधल्या नाटकात मालकाच्या मुलाच्या प्रेयसीचं मेणपाटीवरचं पत्र गुलामाच्या हाती येतं. अक्षरं एकमेकांवर चढलेली पाहून तो म्हणतो, हे कोंबडीनेच लिहिलेलं दिसतंय. इंग्रजीत आजही अशा अक्षराला कोंबडीचे ओरखडे म्हणतात.

या टवाळीला उत्तर म्हणून मला एक पत्र पुढे करावंसं वाटतं. इंग्लंडच्या उत्तरेला, हेड्रियनच्या भिंतीजवळ, विंडोलँडा नावाचं रोमन ठाणं होतं. तिथल्या ओल्या मातीत १९७३पासून शाईने लिहिलेल्या, पोस्टकार्डाएवढ्या पातळ लाकडी पट्ट्या सापडत आल्या आहेत. त्यांतल्या एकीवर, साधारण इ.स. १००च्या सुमारास, क्लॉडिया सेवेरा आपली मैत्रीण सुल्पिसिया लेपिडिना हिला वाढदिवसाचं आमंत्रण देते. मजकूर लेखनिकाच्या सराईत हातचा आहे. वळण सुबक, ओळी सरळ. शेवटी मात्र सेवेराने लेखणी स्वतः घेतली आहे. तिची अक्षरं अडखळतात, ओळ डगमगते. वाट पाहते, असं ती लिहिते आणि लेपिडिनाला बहीण म्हणते. स्त्रीच्या हातचं आज ज्ञात असलेलं जे सर्वांत जुनं लॅटिन लेखन आहे, त्यात या थोड्या ओळींची गणना होते.

लेखनिकाचं नाव कुणालाच माहीत नाही, आणि त्याच्या सुबक वळणात ते शोधूनही सापडणार नाही. सेवेराचा हात मात्र ओळखू येतो, तो त्या डगमगण्यामुळेच. ती पट्टी आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लंडनला गेलात तर खाली उजवीकडच्या ओळी अवश्य बघा.