मागे फिरलेला एक

लूककृत शुभवर्तमानाच्या 17 व्या अध्यायातील दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले. परंतु उपकार मानावयास एकच परतला, आणि तो शोमरोनी होता. उरलेले नऊ काही आज्ञाभंजक नव्हते. प्रभूने सांगितल्याप्रमाणेच ते याजकांकडे चालले होते. हेच आम्हांस बोचते. आम्हीही उपासनेस नेमाने जातो, वर्गणी देतो. पण मागे फिरतो काय? ते दहा दूर का उभे राहिले, हे गावकुसाबाहेर वाढलेल्या आम्हांस कोणी समजावून सांगावयास नको.

सध्या खळ्यांचे दिवस आहेत. प्रभूसाठी टोपली भरताना आम्ही पाखडलेला जोंधळा घालतो, की खळ्यातले मातेरे? आणि ज्या मजुराने तो कापला, त्याचे माप शिगोशीग दिले काय? ते आधी द्यावे. मग टोपली उचलून मंदिरात यावे.